फोपनारच्या वाटेवर टिळक भेटले

काही वर्षांपूर्वी मी चार दिवसांची रजा टाकून फोपनारला जाऊन आलो. ऑफिसात सगळ्यांनी विचारले, हे फोपनार कुठे आले? मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ हे गाव आहे. तिथे १९६४ साली बुद्धाच्या प्राचीन धातूमूर्ती सापडल्या. त्यातली एक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहिल्यापासून ते नाव माझ्या डोक्यात बसले होते. बी.ए.ला इतिहास घेतला होता, पुढे सरकारी नोकरीत फायलीच नशिबी आल्या. तेव्हा अशी एखादी वारी मनाला बरी वाटते.

पण आज लिहायचे आहे ते बुद्धमूर्तींवर नाही. वाटेत जे भेटले त्यांच्यावर.

वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस मिरज, पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), मनमाड करत भुसावळला जाते. प्रवासात वाचायला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली होती. नगर गेले तेव्हा मी पुस्तकातही नगरातच होतो. खिडकीतून स्टेशनची पाटी पाहिली आणि जरा अंगावर काटाच आला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, कीर्तनकार, कवी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. तो माणूस कोण होता ते टिळकांना कधीच कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटले. लक्ष्मीबाई चार वर्षांहून अधिक काळ माहेरच्यांकडे राहिल्या. त्या दिवसांचे वर्णन ज्याने वाचले आहे त्याला पुन्हा सांगायला नको. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, आणि १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या.

टिळकांनी सेवा म्हणून काय केले? इस्पितळ काढले नाही, शाळांची रांग उभारली नाही. त्यांचे घर हीच त्यांची संस्था होती. दुष्काळातली पोरकी मुले त्या घरात वाढली. पगार हातात येई आणि गरजवंताच्या हातात जाई. संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. ती त्यांनी न लपवता, हसत हसत लिहून ठेवली आहे. साधुपुरुषाच्या बायकोला काय काय निस्तरावे लागते हे मराठीत इतक्या खरेपणाने दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

मनमाड मागे पडले तसे पुस्तकात ठोमरे आले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९०, धरणगावचे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर. तिथे या सतरा वर्षांच्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली. पदवीने पोट भरत नाही. टिळकांनी त्यांना नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलासारखे त्यांचे रुसवेफुगवे सोसले. टिळकांना सगळे 'फुलामुलांचे कवी' म्हणतात, पण निसर्गकवितेत हा पोरगा आपल्या पुढे जाणार हे दिसत असूनही त्यांनी हात आखडला नाही. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट आणखी वेगळी आहे. ठोमरे त्या घरात राहिले, जेवले, वाढले, आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिले.

आम्हा गोमंतकीयांना हे वाचताना थांबावे लागते. आमचे कुलदैवत पोर्तुगीज आमदानीत साष्टीतून नदीपलीकडे फोंड्यात हलवले गेले. इन्क्विझिशन १५६०ला आले, ते १८१२ला कायमचे गेले. आमच्या आजीच्या तोंडी 'पाद्री' हा शब्द प्रेमाने आलेला मी ऐकला नाही, आणि त्यात तिचे काही चुकले असेही मला वाटत नाही. त्याच साष्टीत फादर स्टीफन्स हा इंग्रज जेजुइत १५७९ साली गोव्यात येऊन चाळीसेक वर्षे राबला. लोकांची भाषा शिकला आणि १६१६ साली ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापले. जुलूम आणि ही भाषेची माया, दोन्ही एकाच काळातले, एकाच जमिनीवरचे. एक दाखवून दुसरे झाकू नये.

टिळक मात्र परक्या सत्तेच्या आधाराने देव पोचवायला तयार नव्हते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. १९१९ साली ते गेले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्याचे उरलेले ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरे गिरवावी लागली त्या बाईने! उत्तेजन देणे म्हणजे काय ते इथे दिसते.

जळगाव सोडल्यावर भादली नावाचे छोटे स्टेशन लागते. ५ मे १९१८ रोजी तिथेच रूळ ओलांडताना बालकवी गाडीखाली सापडले. वय अवघे सत्तावीस. आमची गाडी तिथे थांबली नाही. मी पुस्तक मिटून बसलो.

दुसऱ्या दिवशी फोपनारला पोचलो. मूर्ती केव्हाच संग्रहालयांत गेलेल्या. त्यांपैकी काहींवर दानाचे लेख आहेत. देणाऱ्याविषयी आज त्यापलीकडे काही हाती लागत नाही. शेताच्या बांधावर उभा असताना मला मात्र आमच्या ऑफिसातला एक पोरगा आठवत होता. नवा एलडीसी. एकदा कवितांची वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला होता. मी वही न उघडताच म्हणालो होतो, "आधी खात्याची परीक्षा दे रे, कविता मागीर." तो पुन्हा आला नाही.

परतल्यावर चौकशी केली तर त्याची डिचोलीला बदली झाली होती. फोन करून विचारले, अजून लिहितोस का? म्हणाला, "ना सर, तें केन्नाच सुटलें." मी म्हटले, असतील तेवढ्या वह्या घेऊन आयतारी घरी ये, जेवायलाच ये.

तो आला. दोन वह्या होत्या. पुष्कळशा कविता कच्च्या होत्या, सात-आठ खरोखर चांगल्या निघाल्या. त्या आम्ही मोठ्याने वाचल्या. निघताना त्याने एक वही माझ्याकडेच ठेवली.