सुई आणि वनस्पती

चिनी वैद्यकाचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. हे स्वाभाविक असले तरी त्यात थोडी गल्लत आहे. कोटणीस शस्त्रवैद्य होते. सुया टोचून उपचार करणारे वैद्य नव्हेत. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून चीनकडे निघालेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचा देह पडला. याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. रायपूर त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडातले, आणि त्याची राजधानी नागपूर. म्हणून आम्हा रायपूरकर मराठी मंडळींना चोळकर घरचेच वाटतात. त्यांची आठवण मात्र कोणी फारशी काढीत नाही.

सुईची विद्या भारतात आणली ती कोटणिसांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी. युद्धानंतर ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा उपयोग करू लागले. कोटणिसांच्या नावाने जे कार्य पुढे चालले त्यात अॅक्युपंक्चरला मोठे स्थान मिळाले, ते बसूंमुळे.

या विद्येची मूळ कल्पना अशी की, ‘ची’ नावाची प्राणशक्ती शरीरात बारा मुख्य मार्गांनी वाहते. ती अडली की रोग होतो आणि ठरावीक बिंदूंवर बारीक सुई टोचली की वाट मोकळी होते. शवविच्छेदनात असे मार्ग कोणाला सापडलेले नाहीत. तरीही जुनाट वेदना, तसेच कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ, यांत रुग्णांना उतार पडल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पण खोटी सुई किंवा भलतीच जागा वापरली असताही पुष्कळदा जवळजवळ तितकाच गुण आला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मला स्वतःला हा वाद अजून मिटलेला वाटत नाही.

वनस्पतींची गोष्ट निराळी. जोतिबाला आपण जो दवणा वाहतो त्याच्याच गोतातली चिंगहाव नावाची वनस्पती चिनी वैद्य तापावर देत. १९६७ साली चीनमध्ये हिवतापावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम सुरू झाली. तीत काम करणाऱ्या तू यूयू यांना काढ्यातून भरवसा येण्याजोगा गुण मिळेना. चौथ्या शतकातील को हुंग यांच्या ग्रंथात मात्र पाला उकळण्याची नव्हे, भिजवून पिळण्याची कृती होती. उष्णतेने गुण नाहीसा होत असावा, असे त्यांनी ताडले आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. १९७१ साली तो प्राण्यांवर पूर्ण यशस्वी ठरला. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले.

आमच्या छत्तीसगडात ही केवळ ग्रंथातली वार्ता नाही. बस्तरचा घातकी हिवताप पुष्कळ घरांनी पाहिला आहे. २०२० साली ‘मलेरियामुक्त बस्तर’ मोहिमेत आरोग्यसेवक घरोघर रक्त तपासत फिरले. घातकी प्रकार आढळला की द्यावयाच्या गोळ्यांत याच वनस्पतीपासून मिळणाऱ्या द्रव्याचे संयुग असते. नवा रायपूरच्या कचेरीत बसून आम्ही त्या कागदांवर सह्या करतो, तेव्हा को हुंगचे नाव कोणाच्या डोक्यात असते?

परंतु वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी बेल्जियमची हकीकत ऐकावी. १९९० नंतरच्या काही वर्षांत तेथे वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून अधिक लोकांची मूत्रपिंडे निकामी झाली. ‘फांगची’ या एकाच नावाने दोन निरनिराळ्या मुळ्या विकल्या जात, आणि चुकीची मुळी पोटात गेली होती. ती मुळी आपल्या ईश्वरीच्या कुळातली; ईश्वरीतही तेच विषारी आम्ल आढळते. बाजारात जडीबुटीवाल्यापुढे उभा राहिलो की मला ही गोष्ट आठवते, आणि मी मुळीचे नाव दोनदा विचारून घेतो.