सेवाग्रामची पंगत आणि कामाची वाटणी

अलीकडे कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून ‘विविधता’ आणि ‘समावेशकता’ या दोन शब्दांचा फार बोलबाला झाला आहे. मोठमोठ्या कंपन्या त्यांसाठी स्वतंत्र खाती उघडतात, अधिकारी नेमतात, नियमावल्या छापतात. शब्द नवे आहेत; प्रश्न मात्र जुना आहे. निरनिराळ्या जातींची, धर्मांची आणि भाषांची माणसे एका छपराखाली काम करू लागली, म्हणजे कोणी कोठे बसावयाचे, कोणी काय उचलावयाचे आणि हे सारे ठरवावयाचे कोणी, असा तो प्रश्न आहे. वर्ध्यापासून दोन-तीन कोसांच्या आत असलेल्या एका लहान खेड्याच्या इतिहासातून त्याचा विचार करावा, असा आमचा आजचा बेत आहे.

सेवाग्रामकडे आपण तीर्थक्षेत्र म्हणून पाहतो. बापूकुटी पाहावयाची, चप्पल बाहेर काढून क्षणभर बसावयाचे आणि परतावयाचे, असा आपला शिरस्ता. परंतु 1936 नंतरच्या दहा-बारा वर्षांत हे ठिकाण मुख्यतः कामाचे होते. तेथे गोशाळा होती, शेती होती, सामायिक स्वयंपाकघर होते, दवाखाना होता, शाळा होती आणि देशभरच्या पत्रव्यवहाराचे दप्तरही होते. म्हणून सेवाग्रामचा इतिहास हा एका कामाच्या जागेचाही इतिहास आहे.

त्या काळी आपल्याकडे कामाची वाटणी कशी होती, ते आधी ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण घ्या. गिरणीत खेड्यातली जातपात विरघळून जाईल, असे पुष्कळांना वाटत होते. प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्या कामगाराला कमी मजुरीच्या खात्यांत काम मिळे. पण बऱ्या पगाराच्या विणाईखात्यात, म्हणजे साच्यांवर, त्याला मज्जाव असे. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि सवर्ण कामगार म्हणत की, यामुळे आम्ही बाटू. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो यासाठीच. यंत्र विलायतेहून आले. पण त्यावर कोणी बसावे, हे येथल्या जातीने ठरविले.

तुरुंगातही हीच तऱ्हा होती. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितले. ते जन्माने ब्राह्मण, म्हणून ते काम त्यांना नाकारण्यात आले. त्यांनी अन्नत्याग केला, आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही डिसेंबर 1932 मध्ये त्यांच्यासाठी उपवास आरंभिला. कैद्यांतही मैला उचलणारी जात वेगळी असावी, हा सरकारचा नियम होता आणि समाजाला तो मुळीच खटकत नव्हता!

गांधीजींना हा प्रश्न शेगावात प्रथमच भेटला असे मात्र नव्हे. डर्बनच्या घरी त्यांच्या कचेरीतले कारकून राहत असत. त्यांत एक पंचम कुळातला ख्रिस्ती होता. त्याचे मूत्रपात्र उचलण्यावरून कस्तुरबांचे आणि त्यांचे केवढे भांडण झाले, हे ‘आत्मकथे’च्या वाचकांना ठाऊकच आहे. पुढे 1915 साली अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात दूदाभाई, दानीबेन आणि त्यांची लहान मुलगी लक्ष्मी हे अस्पृश्य कुटुंब राहावयास आले. तेव्हा विहिरीवर शिव्या ऐकाव्या लागल्या आणि देणग्या बंद पडल्या. घरच्या मंडळींची मनेही बिथरली. शेवटी एका शेटजींनी तेरा हजार रुपये आणून दिले आणि आश्रम तगला. तत्त्व लिहून ठेवणे सोपे असते. त्याची किंमत पाण्याच्या घड्यापाशी आणि हिशेबाच्या वहीत मोजावी लागते.

वर्ध्यात यासाठी थोडी भूमी तयार झालेली होती. जमनालाल बजाज यांनी 1928 च्या जुलैत आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते. 1934 च्या अखेरीस वर्ध्यात ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे तमिळ ख्रिस्ती, विलायतेत शिकलेले हिशेबतपासनीस आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेले. तेथे पाळीप्रमाणे दळण दळावयाचे, राख-मातीने भांडी घासावयाची आणि शेजारच्या सिंदी गावात झाडू घेऊन जावयाचे. एका इंग्रज आरमारी सेनापतीची कन्या मीराबेन आणि गांधीजींचे चिटणीस महादेवभाई सिंदीच्या गल्ल्यांतून घाण उचलीत.

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावात आले. गावची मालगुजारी जमनालालजींकडे होती आणि वस्तीत दलितांची संख्या मोठी होती. गांधीजींनी गावकऱ्यांना आरंभीच सांगितले की, अस्पृश्यता मी स्वतःमधून काढून टाकली आहे. तुमच्यावर मात्र सक्ती करणार नाही, समजूत घालण्याचा प्रयत्न करीन. दुसऱ्याच दिवशी, 1 मे रोजी, डॉ. आंबेडकर त्यांना भेटावयास तेथे आले. या भेटीकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत. शेगाव नावाच्या दुसऱ्या गावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागला, म्हणून 1940 साली या गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.

या खेड्यात जमलेल्या माणसांची नुसती नामावळी पाहिली तरी नवल वाटते. कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या राजकुमारी अमृतकौर ख्रिस्ती होत्या. पंजाबातून आलेल्या अमतुस्सलाम नमाज आणि रोजे पाळणाऱ्या मुसलमान होत्या. नई तालीमचे काम पाहणारे आर्यनायकम हे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती आणि त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते, जे पुढे 1967 साली राष्ट्रपती झाले. आमच्या औंध संस्थानच्या राज्यघटनेच्या कामी साहाय्य करणारे मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे इंजिनियर. त्यांनी धनुषतकली तयार केली. एक जपानी बौद्ध भिक्षू आश्रमात असे. महायुद्धात जपान उतरल्यावर त्याला सरकारने पकडून नेले; पण त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत तसाच राहिला. माणूस गेला तरी त्याची जागा पुसली नाही, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

अशी माणसे एकत्र नांदत कशी? भांडणे होत, रुसवेफुगवे होत. गांधीजींचा कितीतरी वेळ ते मिटविण्यात जाई. परंतु आश्रमाने एक युक्ती केली होती आणि ती आजच्या नियमावल्यांत फारशी सापडत नाही. सर्वांत खालचे मानलेले काम कोणा एकाचे न ठेवता ते सर्वांचे केले होते. संडाससफाई, भाजी चिरणे, धान्य निवडणे, झाडलोट ही कामे पाळीने सर्वांकडे येत. बॅरिस्टर, राजकन्या, शास्त्री आणि गावचा दलित मुलगा यांच्या हातात एकच बादली येई. ज्या समाजात कामावरून जात आणि जातीवरून काम ठरते, तेथे नुसते ‘सर्व समान आहेत’ असे म्हणून भागत नाही. कामाचीच वाटणी मोडावी लागते. पंगतीला शेजारी बसणे ही अर्धी समता झाली. पंगत उठल्यावर खरकटे कोण काढतो, यावरून उरलेली अर्धी कळते.

दुसरा दाखला परचुरे शास्त्रींचा. ते संस्कृतचे व्यासंगी पंडित, येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे सहबंदी. त्यांना महारोग झाला आणि घरादाराला पारखे होऊन ते 1939 साली सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच जागा दिली आणि त्यांच्या अंगाला ते स्वतः मालीश करीत. वर्ध्याजवळच दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी 1936 पासून महारोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले होते. तेथे रोग्यांच्या हाताला शेतीचे आणि सुताचे काम मिळाले. भीक घालणारा हात माणसाला गावाबाहेरच ठेवतो. काम देणारा हात त्याला घरात घेतो. पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात हेच बीज मोठे झाले.

येथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. पण इतिहासाला अर्धाच हिशेब मांडून चालत नाही. या चित्राची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे, कारण आजच्या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे.

पुणे करारानंतर 1932 साली जो संघ निघाला, त्याला पुढे हरिजन सेवक संघ हे नाव मिळाले. त्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांनी विलायतेच्या वाटेवर बोटीवरून ठक्करबाप्पांना एक सविस्तर पत्र लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, एकेका माणसाला सद्गुण शिकविण्यात शक्ती खर्चू नका. धंद्यांची बंद दारे उघडा. गिरणीचे विणाईखाते उघडा, रेल्वेत आणि व्यापारात हमालीच्या वरच्या जागा द्या, आपल्या घरांत त्यांना पाहुणे म्हणून वा नोकर म्हणून घ्या. संघाचे कार्यकर्तेही शक्यतो त्याच वर्गातून घ्या, असे त्यांनी सुचविले. संघाच्या धुरीणांनी हा मार्ग पत्करला नाही. अस्पृश्यतानिवारण हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, ऋण फेडावयाचे ते ऋणकोने, अशी गांधीजींची भूमिका होती. तिच्यात नैतिक उंची आहे, हे कोणीही मान्य करील. पण तिच्यामुळे ज्यांच्यासाठी संघ चालावयाचा, ते त्याच्या कारभाराच्या बैठकीत मुख्य जागी बसले नाहीत, हेही तितकेच खरे. शेगावच्या त्या 1 मेच्या भेटीत जे दोन पुरुष समोरासमोर बसले, त्यांच्यामधले अंतर हेच होते.

दोन वर्षांनी हाच प्रश्न आश्रमाच्या दारात येऊन ठाकला. 1938 च्या जुलैत मध्यप्रांतातील डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ कोसळले. त्यांनी औट घटकेच्या नव्या मंत्रिमंडळात अग्निभोज या दलित गृहस्थांना घेतले होते. पण रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात दलित मंत्री नव्हता. तेव्हा नागपूरकडील दलित कार्यकर्ते शेगावला आले आणि गांधीजींच्या दारीच आळीपाळीने उपोषणास बसले. त्यांनी बसावयास कस्तुरबांच्या कुटीतली जागा मागितली आणि ती त्यांना देण्यात आली. विरोध करावयास आलेल्याला घरातली खोली द्यावी, हे औदार्य जगाच्या इतिहासात विरळा! पण मागणी मान्य झाली नाही. खोली मिळाली, खुर्ची मिळाली नाही.

श्रोतेहो, या एका प्रसंगात आमच्या व्याख्यानाचे सार आले आहे. कामाच्या जागी माणसाला सामावून घेण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, त्याला आत येऊ देणे. दुसरी, त्याच्याबरोबर सारखे काम करणे. आणि तिसरी, निर्णयात त्याला वाटेकरी करणे. पहिल्या दोन पायऱ्या सेवाग्राम ज्या निष्ठेने चढले, त्या निष्ठेने त्या काळी कोणी चढले असेल असे आम्हांला वाटत नाही. तिसऱ्या पायरीशी मात्र त्याचे पाऊल अडखळले. ज्यांनी ते अडखळणे दाखवून दिले, ते आश्रमाचे वैरी नव्हते. आश्रमाच्याच तत्त्वाचा उरलेला भाग ते मागत होते.

आणि आश्रमही एका जागी थांबला नाही. आरंभी सक्ती न करण्याचे बोलणारे गांधीजी अखेरच्या वर्षांत आंतरजातीय विवाहाबाबत इतके कडक झाले की, वधूवरांपैकी एक दलित असल्याखेरीज लग्नाला आशीर्वाद देईनासे झाले. आंध्रचे निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांच्या मुलीचे एका दलित तरुणाशी लग्न ठरले होते. ते गांधीजींच्या मृत्यूनंतर मार्च 1948 मध्ये सेवाग्रामलाच लागले. देवाला न मानणाऱ्याच्या मुलीचे लग्न प्रार्थनेच्या भूमीवर लागले, यात समावेशकतेचा आणखी एक धडा आहे.

तिसरी पायरी बांधली ती राज्यघटनेने. 1950 पासून अस्पृश्यता नष्ट झाली, सरकारी नोकरीत संधीची समानता आली आणि राखीव जागांना आधार मिळाला. 2013 साली हाताने मैला उचलण्याच्या कामास बंदी करणारा नवा कायदा झाला, आणि त्याच वर्षी कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्धचाही झाला. 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात महारोगातून बरे झालेल्यांनाही स्थान मिळाले. परचुरे शास्त्रींच्या कुटीपासून या कायद्यापर्यंतचा रस्ता सत्याहत्तर वर्षांचा आहे.

परंतु कायदा दार उघडतो. आत आलेल्याशी कसे वागावयाचे, ते आतल्या माणसांनाच शिकावे लागते. आजही आपल्या गावातल्या कित्येक कचेऱ्यांत झाडूवाल्याचा चहाचा कप वेगळा असतो. मजुरांच्या मेळाव्यात बोलणारे मजूर नसतात, आणि महिला समितीचे कागद पुरुष अधिकारी भरतो. तेव्हा आपल्या संस्थेची परीक्षा घ्यावयाची झाल्यास दोनच प्रश्न पुरेत, असे आम्ही म्हणतो. येथले सर्वांत हलके मानलेले काम कोणाकोणाच्या वाट्याला येते? आणि बैठकीत शेवटचा शब्द कोणाचा असतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सेवाग्रामने बादली उचलून दिले. दुसऱ्याचे उत्तर त्याच अंगणात उपोषणास बसलेल्यांनी मागितले, आणि ते देण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.