टेबल रनरचा मधला थर

वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये घालून टाक्यांनी पक्के केलेले भरण. पांघरुणात ते ऊब देते. टेबलावर त्याचे काम निराळे, म्हणून कसोटीही निराळी. फुगीर भरणावर उंच पेला डुगडुगतो, सांडलेली आमटी आत मुरते आणि धुणे वारंवार निघते. त्यामुळे पातळ, दाट सुती थर किंवा एकपदरी फ्लॅनेलच इथे योग्य ठरते. पॉलिएस्टर आटत नाही, लवकर वाळते, असे त्याचे समर्थक म्हणतात. ते खरेच आहे. पण पॉलिएस्टर सुमारे २५० अंश सेल्सियसला वितळते आणि त्याआधीच मऊ पडते. तापलेला तवा त्या तापमानाच्या आसपास सहज पोहोचतो. सूत करपेल, वितळणार नाही. (अडणी तरीही हवीच.) सूत आटते, हा आक्षेप अधिक वजनदार. फ्लॅनेल शिवण्याआधी धुऊन घेतले की तो बराचसा मिटतो. न विणलेले सुती भरण मात्र तसे धुतल्यास विस्कटू शकते. महाराष्ट्रातील गोधडीत आटण्याची अडचण मुळातच कमी, कारण धावदोऱ्याने एकत्र शिवलेली जुनी लुगडी-धोतरे वर्षानुवर्षे धुऊन आटायची तेवढी आटलेली असतात. रनरसाठी जुन्या सुती साडीचे दोन पदर पुरतात.