मुरड : सहाबारी पिस्तुलाच्या काडतुसाची एक दुर्लक्षित गोष्ट

१/ ‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. १८५७ च्या एन्फिल्ड काडतुसाविषयी आपण सर्वांनी वाचले आहे. ती कागदाची पुडी असे. तोंडाने फाडून तिच्यातील दारू बंदुकीच्या नळीत ओतावी लागे. पुढे कागदाची जागा धातूच्या पुंगळीने घेतली आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला : पुंगळीत बसवलेली गोळी जागची हलू नये, यासाठी काय करावे?

२/ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मुरड. करंजीची कड दुमडून आतले सारण जसे बंद करतात, तशीच पुंगळीच्या तोंडाची कड गोळीवरील खाचेत आत वळवतात. इंग्रजीत हिला ‘क्रिंप’ म्हणतात. ही कड केसाएवढी बारीक असते. परंतु सहाबारी पिस्तुलाचा भरवसा बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असतो.

३/ याचे कारण जडत्व. बस एकदम सुटली की उभे प्रवासी मागे कलतात. बार उडाला की पिस्तूल हिसक्याने मागे येते. उरलेल्या पाच घरांतील पुंगळ्यांना बुडाशी कंगोरा असतो. तो धरून सिलिंडर त्यांना मागे ओढतो. जड गोळी मात्र होती तिथेच राहू पाहते. प्रत्येक बाराबरोबर ती पुंगळीतून किंचित बाहेर सरकते. अखेर तिचे टोक सिलिंडरच्या पुढे आले, की ते पिस्तुलाच्या सांगाड्याला अडते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. लागोपाठ सहा बार काढणे हाच ज्या शस्त्राचा हेतू, ते ऐन वेळी निकामी होते.

४/ सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या पिस्तुलाचे पेटंट घेतले, तेव्हा पुंगळी नव्हतीच. दारू आणि शिशाची गोळी सिलिंडरच्या घरात थेट भरत. गोळी घरापेक्षा किंचित मोठी असे. ती दाबून बसवताना शिशाचे बारीक कडे तासले जाई आणि गोळी घट्ट बसे. तिथे मुरडीची गरज पडली नाही.

५/ १८५५ मध्ये रोलिन व्हाइटने आरपार छिद्रे असलेल्या सिलिंडरचे पेटंट घेतले. त्याच्या आधारे स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये धातूच्या काडतुसांचे छोटे पिस्तूल बाजारात आणले. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि इतरांनाही वाट मोकळी झाली. त्या काळच्या अनेक काडतुसांत गोळी पुंगळीइतकीच जाड असे. तिचा मागचा निमुळता भागच तेवढा आत जाई. गोळीला लावलेली चरबी उघडी राही आणि तिला धूळ चिकटे.

६/ पुढचे पाऊल रशियाच्या मागणीने पडले. १८७० च्या दशकारंभी रशियन सैन्याने स्मिथ अँड वेसनकडे पिस्तुले मागवली, ती सुधारित काडतुसासह. या .४४ रशियन काडतुसात गोळी पुंगळीच्या आत बसे आणि चरबीच्या खाचाही आतच झाकल्या जात. गोळी आत गेली, तेव्हा पुंगळीची कड तिच्यावर वळवणेही सोपे झाले.

७/ १८७३ मध्ये .४५ कोल्ट आले. काळी दारू पुंगळी जवळजवळ पूर्ण भरून टाकी, त्यामुळे गोळीला खालून आधार मिळे. अमेरिकेच्या पश्चिम भागात दुकान दूर आणि काडतूस महाग, म्हणून शिकारी वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरत. १८८४ मध्ये जॉन बार्लोने न्यू हेवन येथे ‘आयडियल’ कंपनी काढली. तिच्या पकडीसारख्या हत्याराने गोळी बसवणे आणि मुरड घालणे घरबसल्या करता येऊ लागले.

८/ त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूररहित दारू तयार केली. ही दारू थोडीच पुरे, म्हणून पुंगळीत पोकळी राहू लागली. गोळीचा खालचा आधार गेला, शिवाय बारांचा जोर वाढत गेला. आता मुरडीवर आणखी एक काम येऊन पडले : सावकाश जळणाऱ्या दारूचा दाब पुरेसा चढेपर्यंत गोळी क्षणभर अडवून धरायची.

९/ हे काम गांभीर्याने घेणाऱ्यांत एल्मर कीथ हे नाव मोठे. १९२५ मध्ये जादा दमाच्या बाराने त्याचे .४५ चे पिस्तूल फुटले. मग तो .४४ स्पेशलकडे वळला. गोळी बारीक, म्हणून सिलिंडरच्या भिंती जाड. त्याने स्वतः गोळ्यांचे आराखडे केले. त्यांत मुरडीसाठी खोल, उतरत्या कडेची स्वतंत्र खाच होती.

१०/ ती खाच कुठे असावी, हाही कळीचा मुद्दा ठरला. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आले. जुन्या, नाजूक पिस्तुलांत ते चुकूनही जाऊ नये म्हणून त्याची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा जवळजवळ साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली होती. कीथची लांब नाकाची .३८ ची गोळी तिच्यात खाचेपर्यंत बसवली, की काडतूस स्मिथ अँड वेसनच्या सिलिंडरमध्ये मावत नसे. म्हणून कित्येक जण तीच गोळी .३८ च्या आखूड पुंगळीत भरत. १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम आले आणि कीथच्या तीस वर्षांच्या आग्रहाला फळ मिळाले.

११/ चांगल्या मुरडीची कसोटी या अनुभवातून ठरत गेली. सैल मुरड गोळी सोडते. अति आवळलेली मुरड मऊ शिसे चेपते, पुंगळी फुगवते आणि फुगलेली पुंगळी घरात जात नाही. पुंगळ्या एकसारख्या लांबीच्या नसतील, तर एकीला मुरड जास्त बसते, दुसरीला कमी. आणि मूळ पकड पुंगळीच्या भिंतींची असते. ती ढिली असेल, तर मुरड एकटी पुरी पडत नाही.

१२/ पण हा नियम सर्व पिस्तुलांना लागू नाही. १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या ब्राउनिंगच्या स्वयंचलित पिस्तुलात काडतुसाला बाहेर आलेला कंगोरा नाही; ते पुंगळीच्या तोंडावरच नळीत टेकते. ती कड आत वळवली, तर टेकायला आधारच उरत नाही. म्हणून तिथे कड वळवत नाहीत, नुसती हलकेच दाबून सरळ करतात.

१३/ अलीकडे टायटॅनियमची हलकी सहाबारी पिस्तुले निघाली. वजन घटले, हिसका वाढला आणि गोळी पुढे सरकण्याचा जुना रोग पुन्हा डोके वर काढू लागला. यांतील काही पिस्तुलांच्या नळीवर गोळीच्या वजनाची मर्यादाच कोरलेली असते. शस्त्रांचा इतिहास सहसा नळीची लांबी आणि गोळीचा वेग यांत मोजला जातो. पण सहाबारी पिस्तुलाची दुसरी गोळी सुटणार की नाही, हे आधी त्या बारीक कडेला ठरवावे लागते.