ब्युमेटॅनाइड (पक्षाघातावरील प्राणिप्रयोग)

ब्युमेटॅनाइड : एक प्रभावी मूत्रल औषध. मूत्रपिंडातील हेन्ले वलयावर क्रिया करून ते लघवीचे प्रमाण वाढवते. हृदयविकार व मूत्रपिंडविकारांत अंगावर येणारी सूज उतरवण्यासाठी ते वापरतात.

मेंदूची रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाल्यावर पहिल्या काही तासांत केशवाहिन्यांच्या भिंतीतील एक वाहक प्रथिन रक्तातील सोडियम व क्लोराइड मेंदूत ओढून घेते. त्यामागोमाग पाणी शिरते आणि मेंदू सुजतो. कवटी टणक असल्याने दाब वाढून शाबूत पेशीही चेपल्या जातात. हे वाहक प्रथिन ब्युमेटॅनाइडने रोखले जाते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील मार्था ओ'डॉनेल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. शिरेतून हे औषध दिलेल्या उंदरांत मेंदूची सूज व मृत भाग दोन्ही कमी आढळले. अशा प्रयोगांत भूल दिलेल्या उंदराच्या मानेतील रोहिणीतून नायलॉनचा बारीक धागा सरकवून मेंदूची मधली रोहिणी बंद करतात. नंतर मेंदूचे काप रंगद्रव्यात बुडवतात. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो.

तथापि या प्रयोगांत औषध रोहिणी बंद करण्यापूर्वीच दिले होते. रुग्ण मात्र झटक्यानंतरच येतो. हे औषध मेंदूच्या ऊतींत फारसे पोचतही नाही. त्यामुळे पक्षाघातावरील प्रमाणित उपचारांत त्याचा समावेश नाही. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात.