खंदकाची माती, तटाची माती

राजगढहून सरदारपूरमार्गे धारला येणारे बहुतेक जण लाट मशीद आणि किल्ला बघून परततात. किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला (१७७५), त्यामुळे मराठी माणसाची पावलं तिकडे वळणारच. मी मात्र आधी शहराच्या पश्चिमेला जातो. तिथे आणि दक्षिणेला झाडाझुडपांनी झाकलेला मातीचा मोठा बांध अजून उभा आहे. हा परमारांच्या धारानगरीचा तट. नगरी गोलाकार, भोवती खंदक आणि तळी. वरंगळची आठवण करून देणारी रचना.

इंजिनिअरला असा भराव दिसला की पहिला प्रश्न पडतो, एवढी माती आणली कुठून? उत्तर सोपं आहे, शेजारच्या खड्ड्यातून. पण खड्डा आणि भराव यांचा हिशेब जुळतो का, हे बघण्यात खरी गंमत आहे.

धारच्या बांधकामाचं अंदाजपत्रक काही आपल्याला मिळणार नाही. नियम मात्र कौटिल्याने अर्थशास्त्रात दिलेला आहे. खंदक तीन, रुंदी १४, १२ आणि १० दंड. खोली रुंदीच्या पाऊणपट किंवा निम्मी, तळ रुंदीच्या एक तृतीयांश. त्याच मातीचा तट ६ दंड उंच आणि १२ दंड रुंद. दंड म्हणजे चार हात, साधारण ६ फूट.

आता कागद घ्या. खोली निम्मीच धरली तर तीन खंदकांचे छेद २३५२, १७२८ आणि १२०० चौरस फूट भरतात, एकूण ५२८०. म्हणजे खंदकाच्या दर एक फूट लांबीला जवळपास ५३ ब्रास माती. तट सरळ उभा धरला तरी ३६ गुणिले ७२, २५९२ चौरस फूट. फुटाला २६ ब्रास. निम्मी माती उरते! शिवाय खंदक तटाच्या बाहेर, म्हणून त्याचा घेर मोठा. दोघांच्या मध्यरेषांत १०० फूट अंतर असेल तर खंदक ६२८ फुटांनी लांब भरतो, मग गाव केवढंही असो.

कौटिल्याला हे ठाऊक होतं. उरलेल्या मातीने जागेतले खड्डे किंवा राजवाड्याची जागा भरा, असं तो लगेच पुढे सांगतो. तट हत्ती आणि बैलांकडून तुडवून घ्यायलाही सांगतो. खणलेली माती फुगते, तुडवली की बसते आणि बऱ्याचदा मूळ मापापेक्षाही थोडी कमी भरते. खड्ड्याचं माप भरावाला जसंच्या तसं लावणारा फसतो.

मी फसलो आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका रस्त्याच्या भरावाचा अंदाज मी केला होता, त्यात माती बसण्याचा हिशेब धरलाच नव्हता. शेवटच्या टप्प्यात माती कमी पडली. ठेकेदाराने गावाजवळचं पांढरीचं टेकाड दाखवलं. माती चांगली, जवळची, वाहतूक वाचली. मोजमाप पुस्तकात सही माझी. भरावावर रोलर फिरताना मातीत खापऱ्या दिसत होत्या, काळ्या-तांबड्या, एकीवर नक्षीही होती. तेव्हा मी ती बुटाने बाजूला सारली. ते टेकाड काय होतं, हे आज कुणी सांगू शकणार नाही, कारण ते आता रस्त्याखाली आहे.

म्हणून धारचा तट बघताना मला बरं वाटत नाही. त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा नाही. वीटवाले आणि बांधकामवाले त्याची माती वर्षानुवर्षं नेत आले आहेत. ईशान्येला तट आणि खंदक दोन्ही घरांखाली गेले. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती मावते. कौटिल्याच्या मापाचा तट असता तरी त्याचा एक फूट २६ खेपांत संपला असता. धारचा तट नक्की किती मोठा, हे मोजूनच सांगता येईल.

पावसाळ्यानंतर गवत वाळलं की पश्चिमेच्या बाजूला दर ५० मीटरवर छेद घ्यायचा माझा विचार आहे. लेव्हल आणि टेप माझ्याकडे आहेत. स्टाफ धरायला दोन माणसं हवीत.