नकलेच्या वाटेवरची शैली

‘कुणाची नक्कल करू नकोस, स्वतःचे वाजव,’ हा उपदेश आपण शिकणाऱ्या मुलाला फार लवकर करतो. गिटारचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. ज्यांचे वादन आज दोन स्वरांत ओळखू येते, त्यांतले कित्येक थोर वादक आधी एकनिष्ठ नकलाकार होते. नक्कल जिथे अडली, तिथे त्यांची शैली जन्मली, असे माझे मत आहे.

वेस मॉन्टगोमेरीचेच पाहा. हा १९२३ सालचा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिस गावचा. विशीच्या सुमारास त्याने चार्ली ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला आणि १९४२ मध्ये, अवघ्या पंचविशीत क्षयाने गेला. मॉन्टगोमेरीने त्याचे तुकडे स्वरन् स्वर पाठ केले. एका क्लबात तो तेवढेच वाजवी, आणि ते संपले की गप्प बसे. नखीचा आवाज घरच्यांना व शेजाऱ्यांना सोसेना, म्हणून तो नुसत्या अंगठ्याने तार छेडू लागला, असे सांगतात. त्यातून एक मऊ, भरदार नाद निघाला. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवायचा आणि मधली तार डाव्या हाताच्या बोटाने दाबून मुकी ठेवायची, ही त्याची खास रीत. ती त्याने अशी पिकवली की पुढे सगळे तिची नक्कल करू लागले.

जँगो राइनहार्टची अडचण याहून भीषण होती. बेल्जियममध्ये १९१० साली, भटक्या रोमानी समाजात त्याचा जन्म झाला. १९२८ मध्ये राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी जवळपास निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने वादन नव्याने बसवले. १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह त्याने पॅरिसमध्ये जो वाद्यमेळ उभा केला, त्यात ढोल नव्हता, सगळी तंतुवाद्येच होती. जँगोच्या वेगाचे कौतुक सगळेच करतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्याच्या ओळीचा उतार-चढाव, कारण दोन बोटांना पडद्यांवरून लांब धाव घ्यावीच लागे. आज धडधाकट चार बोटांचे वादक ती धाव उचलतात. तिच्यामागची निकड कुठून उचलणार?

बी. बी. किंगला आपल्या नात्यातल्या बुका व्हाइटसारखी तारेवर नळी सरकवून वाजवायला जमेना. मग तो दाबलेले बोटच थरथरवू लागला आणि तो कंप त्याचा आवाज झाला. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरांनी उलट वाट धरली. त्यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर कांडी सरकवली आणि अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदची शिस्त तिच्यावर आणली. पडद्यांच्या वाद्यातून मिंड निघाली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती घरोघर पोचली.

गिटारपुरतेच हे खरे नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी नामवंतांच्या तबकड्या हुबेहूब गात. पुढे देवासला क्षयाने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळवले, गळा बंद झाला. त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकधून कानात मुरली, आणि १९५०च्या दशकात जे गाणे पुन्हा उमटले ते फक्त त्यांचेच होते.

पण शैली सापडली म्हणजे धोका संपत नाही. मॉन्टगोमेरीच्या १९६७ नंतरच्या लोकप्रिय मुद्रिकांत ती दुहेरी सप्तकाची रीत इतक्यांदा येते की तो स्वतःचीच नक्कल करतो आहे असे मला वाटते. १९६८ मध्ये तो गेला. त्याचा खरा ठेवा १९६० च्या आसपासचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून मुलांना नक्कल करू द्यावी, आणि ती चोख करायला लावावी. अर्धवट नक्कल करणाऱ्याला आपला हात कुठे अडतो हे कळतच नाही. तो अडला की मात्र त्याला हटकू नये. त्या जागी दुसरी वाट काढायला त्याला वेळ द्यावा. पुढचे काम त्याची बोटे करतील.